एरंडाच्या पानाखाली

“त्या ट्यूबीनं क्लेमेंटीनबायच्या सुनेचं पोर…”

एवढंच माझ्या कानावर आलं. पुढचं यायच्या आत चर्चची बाराची घंटा वाजायला लागली. हातपंपाशी उभ्या सालोमीने कपाळाला, छातीला बोटं लावली आणि मान खाली घातली. समोरच्या रंभाचं वाक्य तोंडातल्या तोंडात राहिलं. घंटा थांबली तशी सालोमीने घाईने कळशी उचलून घरची वाट धरली, आणि रंभाही आपल्या वाटेने गेली. जाताना सालोमीने वळून एकदा खिडकीकडे पाहिलं. मी तिथेच होते.

मी बोलतेय ती हीच ट्यूब. दुखऱ्या सांध्यांना, लचकलेल्या पाठीला लावायच्या मलमाची. वसईजवळच्या गास गावात, क्लेमेंटीनबायच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, मिठाची बरणी आणि मेणबत्तीचं थोटूक यांच्या मध्ये माझा मुक्काम आहे. पोट अर्ध्याच्या वर रिकामं झालंय, शेपटी गुंडाळून गुंडाळून चुरगळलीय. मला हात नाहीत, पाय नाहीत, पण कान आहेत. आणि खरं सांगू, दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. लोक मला उघडतात तेच मुळी कण्हत, कपडे सावरत, घरातलं बोलत. तेवढ्या वेळात माणूस काही म्हणजे काही लपवत नाही.

सालोमीने ते अर्धं वाक्य कुठवर नेलं ते सांगतेच. पण आधी ते निघालं कुठून, ते ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. पोटात पांढरं, गुळगुळीत मलम भरलं, शेपूट दुमडून दाबली, तोंडावर टोपण बसवलं, झालं. तिथून खोक्यात बसून आले ती नालासोपाऱ्याच्या एका औषधांच्या दुकानात. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. जिकडे तिकडे बिल्डिंगी उभ्या राहत होत्या. त्या बांधणाऱ्यांच्या कमरा, त्यांत तिसऱ्या मजल्यावर कपाटं चढवणाऱ्यांचे खांदे, सगळं गिऱ्हाईक आमचंच. फळीवर बसल्या बसल्या एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. गोळी घेताना माणूस चार प्रश्न विचारतो. जेवणाआधी की नंतर? दुधाबरोबर चालेल का? ट्यूब घेताना कोणी काही विचारत नाही. “बाहेरून तर लावायचं,” असं म्हणतात नि खिशात घालतात.

ते “बाहेरून तर लावायचं” ऐकलं की माझ्या पोटातलं मलम तेव्हाही घट्ट व्हायचं.

क्लेमेंटीनबायची मोगऱ्याची वाडी आहे. झुडपं ती केवढी, गुडघ्याएवढी. कळ्या खुडायच्या तर उकिडवं बसून बेडकासारखं सरकत जायचं, आणि उजाडेपर्यंत टोपली भरायची. उशीर झाला की फुलवाला तोंड वाकडं करतो. लग्न होऊन आली तेव्हापासून ती अशी सरकते आहे. शेवटी उजवा गुडघा सुजून नारळासारखा झाला, तेव्हा तिचा मुलगा फ्लॉईड तिला मोटारसायकलवर बसवून डॉक्टरकडे घेऊन गेला.

डॉक्टर भला माणूस. त्याने विचारलं, “दमा आहे? कधी दुखण्याच्या गोळीने धाप लागलेली? पोटात अल्सर? किडनीचा त्रास?”

“नाय हो. गुडघा सोडला तर मी घोडी आहे.”

“मग ही ट्यूब घ्या. बोटभर रेघ काढायची, हलक्या हाताने पसरायची. खरचटलेल्या जागी लावायची नाही. वर काही बांधायचं नाही, शेकायचं नाही. लावून झालं की हात साबणाने धुवायचे. दोन आठवड्यांत उतार पडला नाही तर मनाने चालू ठेवू नका, मला दाखवा. सोबत दुखण्याच्या गोळ्याही खाऊ नका. आणि बाई, हे बाहेरून लावलं तरी थोडं रक्तात उतरतं. म्हणून हे तुमच्यापुरतं. घरात वाटत बसायचं नाही.”

फ्लॉईड त्या वेळी दारातून बघत होता, मोटारसायकलला कोणी धक्का तर मारत नाही ना. आणि क्लेमेंटीनबाय मान डोलवत होती. पण तिची मान फादरच्या प्रवचनालाही अशीच डोलते, आणि घरी आल्यावर विचारलं तर एक शब्द आठवत नाही.

घरी आल्यावर माझं खोकं नि आतला कागद पाणी तापवायच्या चुलीत गेला. मी तेवढी उरले.

तिने मला पहिल्यांदा गुडघ्यावर पिळलं आणि डोळे मोठे केले. “अगो एलिना, ही तर बर्फासारखी गार! झोंबत पण नाय. डॉक्टरने फसवलं का काय?”

एलिना तिची सून. गावातल्या शाळेत शिकवते. ती हसली. “मम्मी, झोंबलं म्हणजेच औषध का?”

“मग? बाम लावला की कसा डोळ्यांतून पाणी काढतो. औषधाने आपण आलोय ते कळवायला नको?”

तरी मी माझं काम करत होते. आठवडा सरायच्या आत सूज ओसरली. क्लेमेंटीनबाय भिंतीला न धरता उठायला लागली. मला वाटलं, चला, चांगल्या घरी पडले.

त्याच दिवसांत रंभा मागच्या दाराने आत आली. रंभा शेजारीण. तिच्या घरचे पिढ्यानपिढ्या मिठागरात राबलेले. ती दार वाजवत नाही. आली की आधी पातेल्यावरचं झाकण उचलते, मग बसते.

“काय शिजतंय गो?”

“तुझं नाक,” क्लेमेंटीनबाय म्हणाली.

“मंग मीठ जास्त घाल.” रंभाने तिच्या गुडघ्यावर बोट दाबून पाहिलं. “आनि हे काय, नुसतं चोपडतेस? अगो, वर एरंडाचं पान तव्यावर गरम करून बांध. न् माज्या घरचं जाडं मीठ भाजून पुरचुंडीनं शेक. माज्या सासूचा गुडघा तसाच बसला.”

“तुझी सासू बसली ती उठलीच नाय!”

“ती म्हातारपनानं गो!”

दोघी हसल्या. मी नाही हसले.

एरंडाच्या पानाचा शेक या गावांत आजीपणजीपासून चालत आलाय, आणि त्याला मी नावं ठेवणार नाही. तेल लावून वर पान बांधा, बांधा बापडे. पण माझ्यावर नको. कातडी उघडी असली की मी जेमतेम झिरपते. वर पान आवळलं, त्यावर गरम मीठ ठेवलं, की कातडीची दारं सताड उघडतात, आणि मग मी किती आत जाते ते माझं मलाही कळत नाही. क्लेमेंटीनबायने जुन्या लाल चौकड्याच्या लुगड्याची चिंधी फाडली आणि पान गच्च बांधलं. त्या ओल्या, उबट अंधारात मी आत आत खेचली जात होते. नको तितकी, नको तिथवर.

दुसऱ्या दिवशी गुडघा लालबुंद. बारीक फोडही आले.

“झोंबलं!” क्लेमेंटीनबायला कोण आनंद झाला. “बघ, आता लागू पडलं.”

फोड सुकले, गुडघा खरंच हलका झाला, आणि गावात दोघींनी सांगितलं की ट्यूब आणि एरंड, यासारखं औषध नाही. तिथपर्यंत ठीक होतं म्हणायचं. गुडघा तिचा, कातडी तिची. खरी भीती मला वाटली ती एलिनाची पाठ दुखायला लागली तेव्हा.

एलिनाला सहावा संपून सातवा लागला होता. तिचं पहिलं मूल पाचव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. त्याचं नाव त्या घरात कोणी काढत नसे, पण दर रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर क्लेमेंटीनबाय मरियामातेपुढे एक मेणबत्ती जास्तीची लावायची, ती कोणासाठी हे सगळ्यांना माहीत होतं. या खेपेला तिने सुनेला डोळ्यांत तेल घालून जपलं होतं. विहिरीवर जायचं नाही, पपई खायची नाही, आणि डॉक्टरणीने दिल्याखेरीज एक गोळी घरात येता कामा नये. डोकं दुखलं तर कपाळावर ओलं फडकं. बस.

दिवसभर फळ्यापुढे उभी राहून एलिना एका संध्याकाळी घरी आली आणि दाराच्या चौकटीला धरूनच राहिली. “मम्मी, पाठ नुसती तुटतेय. एखादी गोळी घेऊ का?”

“वेडी का काय! गोळी पोटात जाते, पोराला बाधते.” क्लेमेंटीनबायचा हात खिडकीकडे आला. माझ्याकडे. “ये, पालथी नको, कुशीवर हो. हे बाहेरचं आहे, याचं काय भय?”

बोलता आलं असतं तर त्या क्षणी मी किंचाळले असते.

तिच्या हातात माया होती हो. तीच तर पंचाईत. उगाच दोन बोटं ओढून सोडून देणारी ती बाई नव्हे. मानेखालपासून कमरेपर्यंत, ह्या कुशीपासून त्या कुशीपर्यंत, ओंजळभर चोळायची. मग तव्यावरून उतरलेली एरंडाची पानं, मग चिंधी, मग रंभाच्या मिठाची पुरचुंडी. रोज संध्याकाळी घरात जपमाळ म्हणून झाली की हा दुसरा नेम. एलिनाला बरं वाटायचं, तिथेच झोप लागायची. आणि मी त्या उबेत झिरपत राहायचे. कातडीतून रक्तात, आणि रक्तातून पुढे जिथे जायची मला बंदी होती तिथे. माझी शेपटी वळसा वळसा वर चढत होती, आणि मी एकटी पुरेना म्हणून दुकानातून माझ्या बहिणी येऊन संपत होत्या.

एके संध्याकाळी पान बांधताना एलिना म्हणाली, “मम्मी, आज बाळ गप्प आहे.”

“झोपलं असेल. शेक लागला की तू नाय झोपत?”

पुढल्या संध्याकाळी ती नुसता पोटावर हात ठेवून वाट बघत राहिली. क्लेमेंटीनबायने चोळता चोळता हात थांबवला, मग पुन्हा चालू केला, जरा जोरात. पुरचुंडीतलं मीठ तडतडत होतं.

दोन दिवसांनी सोनोग्राफीची पाळी होती, वसईच्या एका दवाखान्यात. फ्लॉईड कामावर. सासूसुना निघाल्या तर फाटकाशी रंभा नवं लुगडं नेसून उभी.

“दोघीच कशाला जाताव? मी पन येते.”

“तुला कोणी बोलावलं?”

“कोनी नाय. म्हनून तर सोताच आले.”

क्लेमेंटीनबायच्या पिशवीत माळ होती, केळी होती आणि मी होते. बाकावर बसून एलिनाची पाठ भरून आली तर, म्हणून. असं मी ते सगळं ऐकलं.

डॉक्टरीणबाईंनी पोटावरून यंत्र दोनदा फिरवलं. मग म्हणाल्या, “बाळाभोवतीचं पाणी कमी झालंय. गेल्या महिन्यात व्यवस्थित होतं.” कागद बाजूला ठेवला. “एलिना, पाणी गेल्यासारखं वाटलं का? नाही? मग दुखण्याची गोळी वगैरे घेतलीस का? खरं सांग, मी ओरडणार नाही.”

“नाही.”

“एक गोळी नाय!” क्लेमेंटीनबायने गळ्यातला क्रूस मुठीत धरला. “या क्रुसाची शपथ. मी घरात गोळी येऊ देत नाय.”

शपथ खरी होती. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि दुसरं काहीतरी लिहायला पेन उचललं. पिशवीत केळ्यांच्या खाली मी पडले होते, आणि मला कळलं, हे असंच सुटणार. घरी जाणार. संध्याकाळी पुन्हा पान तापणार.

“गोळी नाय खाल्ली वो,” रंभा दारातून म्हणाली. तिला आत बोलावलंच नव्हतं. “पन पाठीला रोज ट्यूब चोपडते ही बाय. ढीगभर! वर एरंडाचा पाला, न् त्याच्यावर माज्या मिठाचा शेक.”

“रंभे! तुला कोणी विचारलं?”

“कोनी विचारलं नाय म्हनून तर सांगते.”

“कुठली ट्यूब?” डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं.

क्लेमेंटीनबायने मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. बाईंनी माझी गुंडाळलेली शेपटी उलगडली, अक्षरं वाचली. “कधीपासून?”

“महिना होईल.”

“आणि किती लावता?”

क्लेमेंटीनबायने ओंजळ पुढे केली.

“मावशी,” डॉक्टरीणबाई हळू बोलल्या, “गोळीतलं जे औषध तुम्ही घरात येऊ दिलं नाही ना, तेच यात आहे. म्हातारीच्या गुडघ्याला बोटभर लावलं तर गोळीपेक्षा हे बरं. पण गरोदर बाईला नाही. सहावा संपल्यावर तर मुळीच नाही. आणि वर पान बांधून शेकलंत, म्हणजे तुम्ही ते ढकलून ढकलून आत घातलंत.”

“पोर…” क्लेमेंटीनबायने आपल्या ओंजळीकडे पाहिलं. “माझ्या हाताने?”

“याच्यामुळेच झालं, असं मी म्हणणार नाही. याच्यामुळे नाही झालं, असंही म्हणणार नाही. पाणी कमी व्हायला इतरही कारणं असतात. आधी हे बंद. एलिनाला इथे ठेवून घेते, लक्ष ठेवू.”

त्या दुपारी क्लेमेंटीनबाय एलिनाशिवाय, रंभाबरोबर घरी आली, सुनेचे कपडे न्यायला. मला खिडकीत ठेवलं. ठेवलं कसलं, हातातून सुटले मी. मग ती जमिनीवर बसली, दुखऱ्या गुडघ्यावर, आणि तशीच बसून राहिली. बाहेर हातपंपाशी रंभा सालोमीला सांगत होती, आणि बाराची घंटा झाली.

आता त्या अर्ध्या वाक्याचं काय झालं ते सांगते. सालोमीने ते घरी नेलं आणि आपल्या मनाने पुरं केलं. संध्याकाळपर्यंत गासमध्ये सगळ्यांना माहीत झालं होतं की क्लेमेंटीनच्या ट्यूबने सुनेचं पोर खाल्लं. कोणी म्हणे ट्यूब बनावट होती. कोणी म्हणे म्हातारीचा हातच तसा, पहिलंही तसंच गेलं. रविवारी मिस्सेला तिच्या बाकावर तिच्या शेजारची जागा मोकळी राहिली. ती मेणबत्ती लावायला उठली तेव्हा मागे कुजबुज झाली, आणि मेणबत्ती न लावताच ती खाली बसली.

अफवेला आपलं कोण, परकं कोण कळत नाही. सालोमीचा नवरा बर्नार्ड. त्याला पोटात अल्सर, म्हणून डॉक्टरने गोळ्या बंद करून खांद्याला माझ्याच जातीची एक ट्यूब दिली होती, अगदी थोडी लावायला. सालोमीने ती केळीच्या वाडीत भिरकावली. खांदा ठणकायला लागला तसं बर्नार्डने कपाटातल्या जुन्या गोळ्या काढल्या. पुढच्या आठवड्यात त्याला रक्ताची उलटी झाली. तो वाचला, पण त्याचं रक्त कोणाच्या नावावर मांडायचं, ते मात्र गावात कोणी बोललं नाही.

आणि क्लेमेंटीनबाय? ती कळ्या खुडायला जात होती, दवाखान्यात जात होती, कोणाशी बोलत नव्हती. परसातलं एरंडाचं झाड तिने मुळापासून तोडून टाकलं. मला मात्र फेकलं नाही. येता जाता बघायची. साप घरात शिरलाय पण कुठे बसलाय ते ठाऊक आहे, तेव्हा माणूस बघतो तशी.

काही दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी झाली. पाणी थोडं वाढलं होतं. पुरतं नाही, थोडं. मग एका सकाळी, दिवस भरायच्या आधीच, एलिनाला कळा सुरू झाल्या.

बातमी आणली ती रंभानेच. मागच्या दाराने, झाकण न उचलता.

“क्लेमेंटीनबाय! पोरगी झाली! उंदरायेवढी हाय, काचेच्या पेटीत ठेवलीय, पन रडते बघ कशी, आख्खा दवाखाना उठवलान!”

क्लेमेंटीनबाय तव्याला धरून उभी होती. तवा थंड होता म्हणून बरं. “जिवंत आहे?”

“अगो रडते म्हंजे काय मेलेली रडते?” मग रंभाच खाली बसली आणि लुगड्याने नाक पुसलं. “मी काय म्हनत होते तवा सालोमीला, ठाव हाय? ‘त्या ट्यूबीनं क्लेमेंटीनबायच्या सुनेचं पोर अडचनीत आलंय, घरोघरी सांगा, पोटुशीला लावू नका.’ येवडंच म्हनायचं होतं. घंटा झाली.”

“मग नंतर का नाय सांगितलंस?”

“सांगत होते गो. पन तोवर सगळ्यांचं ऐकून झालं होतं.”

म्हणजे गावाची गोष्ट खोटी निघाली. मी पोर खाल्लं नाही. पण सगळीच खोटी होती, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पाणी आटलं त्यात माझा वाटा होता का, असला तर केवढा, हे डॉक्टरीणबाईंना सांगता आलं नाही, आणि आत जाऊन आलेल्या मलाही सांगता येत नाही. पोरगी आता घरी आलीय. दूध पिते, वजन हळूहळू धरते. दर महिन्याला दवाखान्यात दाखवतात. दाखवून परत येईपर्यंत आजी अंगणात उभी असते.

मी विष नाही. माझं तोंड उघडण्याआधी एवढं विचारा की ही कोणासाठी आणली, कोणी सांगितली, आणि आता कोणाच्या अंगाला लागणार. मला गुंडाळू नका, शेकू नका, शेजारी उसनी देऊ नका. बोटभर द्या, हवेवर राहू द्या. मी माझं काम करीन आणि माझ्या जागी थांबेन. माझं खरं भय तुमच्या रागाचं नाही. तुमच्या मायेचं आहे.

आज सकाळी क्लेमेंटीनबायचा गुडघा पुन्हा आखडला. डॉक्टरला दाखवून आलीय ती. या खेपेला प्रत्येक शब्द परत म्हणून दाखवला म्हणे. तिने मला खिडकीतून उचललं, बोटभर रेघ काढली, पसरली, टोपण लावलं. मग न्हाणीत जाऊन साबणाने हात धुतले.

आत पोरगी रडायला लागली. क्लेमेंटीनबाय पाळण्यापर्यंत गेली, हात पुढे केले, आणि थांबली. बोटं नाकाशी नेऊन हुंगली. तशीच मागे फिरली, आणि पुन्हा साबण हातात घेतला.